एमडीअ‍ॅडम: सगळं छान, पण ते ३० सेकंद!

वीज गेली, परत आली, आणि चारही डिस्क ठणठणीत असताना माझा रेड ५ (लिनक्सच्या एमडीअ‍ॅडम या साधनाने डिस्क जोडून केलेला संच, म्हणजे अ‍ॅरे; त्यातली एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) तीनच डिस्कवर सुरू झाला. चौथी डिस्क बाहेर ताटकळत उभी! बाहेरच्या पेटीतल्या डिस्क एकदम वीज खेचू नयेत म्हणून एकामागून एक फिरू लागतात, आणि शेवटची दिसेपर्यंत सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'लास्ट रिसॉर्ट' टायमरचे ३० सेकंद संपलेले असतात. ते संपले की हजर असतील तेवढ्याच डिस्कवर अ‍ॅरे सुरू केला जातो.

एरवी ही आपोआप जोडणी मला मनापासून आवडते. डिस्क दिसली की यूडेव (नवं हार्डवेअर हेरणारा भाग) एमडीअ‍ॅडमला इन्क्रिमेंटल मोडमध्ये (एकेक डिस्क जोडत जाण्यासाठी) बोलावतो, सुपरब्लॉकमधल्या (डिस्कवरच्या माहितीच्या नोंदीतल्या) यूयूआयडी या ओळख-क्रमांकावरून अ‍ॅरे ओळखला जातो, आणि मागच्या वेळी हजर असलेल्या सगळ्या डिस्क जमल्या की तो लगेच सुरू होतो. केबलींचा क्रम बदला, डिस्कचं नाव एसडीएचं एसडीसी होऊ द्या, काही अडत नाही.

पण ३० सेकंद? अ‍ॅरे अपुरा सुरू झाला की इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांचा आकडा) पुढे जातो आणि उशिरा आलेली डिस्क शिळी ठरते. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लिहिलं गेलं याची नोंद) असेल तर ती डिस्क परत जोडल्यावर, म्हणजे री-अ‍ॅड केल्यावर, बदललेला भागच भरला जातो. माझ्याकडे तो होता म्हणून निभावलं. नसता तर चांगली डिस्क पहिल्यापासून भरावी लागली असती, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिघींपैकी एक जरी गेली असती तरी सगळा डेटा गेला असता. कशासाठी, तर थोडं थांबायचं नव्हतं म्हणून!

टायमर वाढवताना एक खोच आहे. ओव्हरराइडमध्ये (टायमरची मूळ सेटिंग बदलणाऱ्या फाइलमध्ये) आधी रिकामं 'ऑनअ‍ॅक्टिव्हसेक=' लिहून मगच नवा आकडा द्यायचा; नाहीतर जुना आकडाही कायम राहतो आणि ३० सेकंदांनी अ‍ॅरे सुरू होतोच. शिवाय एफएसटॅबमधलं (बूटच्या वेळी कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीतलं) माउंट डिव्हाइससाठी मुळात ९० सेकंदच थांबतं. त्याहून मोठा टायमर ठेवलात तर तिथली डिव्हाइस-टाइमआउटही वाढवा, नाहीतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) जाऊन बसेल.

एवढं सगळं करून हा टायमर बंदच का करू नये, असं माझं मत होत चाललं होतं. मग एक डिस्क खरोखरच मेली, तीही मशीन बंद असताना. मशीन चालू केलं, टायमर संपला, अ‍ॅरे तीन डिस्कवर उभा राहिला आणि एमडीअ‍ॅडमच्या मॉनिटरचा (अ‍ॅरेवर लक्ष ठेवणाऱ्या भागाचा) 'डिग्रेडेडअ‍ॅरे' मेल आला. मला हातही लावावा लागला नाही. टायमर हवाच. माझं भांडण आता फक्त त्या आकड्याशी आहे.

पुढे अ‍ॅरे पुन्हा पूर्ण झाल्यावर त्याच्या चारपैकी तीनच डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या तेव्हा मात्र अ‍ॅरे एमडी१२७ नावाने आला आणि 'इनॅक्टिव्ह'च राहिला. होमहोस्ट (अ‍ॅरेवर नोंदलेलं मूळ मशीनचं नाव) जुळत नव्हता, कॉन्फिगमध्ये नोंद नव्हती, म्हणून तो परका ठरला, आणि परक्या अ‍ॅरेसाठी हा टायमर लागतच नाही. हे मला पटलं: दुसऱ्याचा अर्धवट अ‍ॅरे न विचारता कोणी सुरू करू नये. एमडीअ‍ॅडम रन दिलं आणि तो सुरू झाला.

कॉन्फिगमध्ये नोंद घातलीत तर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बनवा. बूटच्या सुरुवातीला आतली जुनी प्रतच वाचली जाते आणि एमडी१२७ परत येतो. बिटमॅप आहे की नाही, ते प्रॉक-एमडीस्टॅटमध्ये (अ‍ॅरेंची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) आजच बघा. नसेल तर चालू अ‍ॅरेवरही एमडीअ‍ॅडमचा ग्रो पर्याय वापरून लावता येतो.