माणसाविरुद्ध लढायला कुठे शिकावे: तीन ऑनलाइन खेळांची तुलना, गोव्यातल्या खेळाडूसाठी

राक्षस मारत मारत कथेचा भाग संपवलेला खेळाडू पहिल्यांदा दुसऱ्या खेळाडूसमोर उभा राहतो, तेव्हा बहुधा दहा सेकंदांत मरतो आणि नेमके कशाने मेलो हे त्याला कळतही नाही. राक्षस ठरलेल्या क्रमाने वार करतो, तर समोरचा माणूस आपल्याकडचा बचाव संपेपर्यंत थांबतो आणि मग वार करतो. हा आढावा अशा नवख्यासाठी आहे. तो पेडणे, डिचोली किंवा फोंड्यात राहून, नोकरी वा कॉलेज सांभाळून, रात्री जेवणानंतर दीड-दोन तास खेळतो असे मी धरले आहे. त्याच्यापुढचे तीन पर्याय म्हणजे गिल्ड वॉर्स २, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि अल्बियन ऑनलाइन. यांत श्रेष्ठ कोणता, या वादात मला रस नाही. मेल्यावर कारण किती स्पष्ट दिसते आणि तीच चूक सुधारण्याची संधी किती लवकर मिळते, एवढ्याच कसोटीवर मी ते पाहणार आहे.

या कसोटीवर २०१२ साली आलेला गिल्ड वॉर्स २ नवख्याला सर्वांत सोयीचा ठरतो. त्याच्या स्पर्धात्मक विभागात पाऊल ठेवताच पात्र ८० व्या, म्हणजे कमाल पातळीचे होते आणि शस्त्र-चिलखतांचे बळ सर्वांना समान मिळते. त्यामुळे ‘त्याचे गियर भारी होते’ ही सबब पहिल्याच दिवशी हातातून जाते. मूळ खेळ २०१५ पासून विनामूल्य आहे. येथे शिकण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे डॉज, म्हणजे झटकन बाजूला होऊन वार चुकवणे. एका वेळी साठा असतो तो दोनच डॉजचा, आणि प्रत्येक डॉज जेमतेम पाऊण सेकंद संरक्षण देतो. नवखा हे दोन्ही डॉज किरकोळ वारांवर उधळून टाकतो, आणि मोठा वार येतो तेव्हा नुसता उभा असतो. माझा सल्ला असा की, पहिला आठवडा जिंकण्याचा विचारच करू नये; प्रतिस्पर्ध्याने किती डॉज वापरले एवढेच मोजावे आणि दुसरा गेल्यावरच आपले जड कौशल्य सोडावे. या खेळाची उणीव अशी की, मुख्य लढत ५ विरुद्ध ५ असून नकाशावरच्या तीन जागा ताब्यात ठेवून ५०० गुण मिळवायचे असतात. अनेकदा आपण हरतो ते हात कच्चा म्हणून नव्हे, तर चुकीच्या जागी धावत गेलो म्हणून, आणि नवख्याला हा फरक ओळखता येत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ चा. त्यात २००५ मध्ये रणांगणे आली आणि २००७ मध्ये पहिल्या विस्तारासोबत अरिना, म्हणजे छोट्या संघांचा आखाडा, आली. २ विरुद्ध २ किंवा ३ विरुद्ध ३ च्या अरिनात जागा राखण्याचे काम नसते. समोरच्याला मारायचे आणि स्वतः जगायचे, एवढेच. त्यामुळे हरण्याचे कारण लढतीतच शोधावे लागते. शिवाय येथे नियंत्रणाचे, म्हणजे शत्रूला काही क्षण जखडून ठेवण्याचे, जे गणित आहे, त्याच्या तोडीची शाळा मला दुसरीकडे दिसलेली नाही. दीर्घकाळ चालत आलेला नियम असा की, एकाच प्रकारचा स्टन (शत्रूला सुन्न करणारा वार) लागोपाठ लावला तर पहिला पूर्ण काळ टिकतो, पुढचे कमी-कमी काळ, आणि शेवटी तो लागतच नाही. म्हणून जोडीदाराने नुकताच लावलेल्या स्टनवर आपला स्टन घालणारा खेळाडू प्रत्यक्षात शत्रूलाच मदत करत असतो. जोडीदार नसेल तर सोलो शफल हा प्रकार उपयोगी पडतो, ज्यात सहा जण सहा फेऱ्या खेळतात आणि दर फेरीला संघ बदलतात. याची किंमत मात्र मोजावी लागते. २० व्या पातळीपुढे मासिक शुल्क आहे, लढतीचे गियर आधी जमवावे लागते, आणि कौशल्ये इतकी की माऊसने एकेक बटण दाबत बसणाऱ्याचा निभाव लागत नाही. प्रत्येक महत्त्वाचे कौशल्य कीबोर्डवरच्या कळीला बांधणे ही येथे पूर्वअटच समजावी.

अल्बियन ऑनलाइन २०१७ मध्ये आला, २०२१ पासून तो मोबाइलवरही चालतो, आणि कॉम्प्युटर नसलेल्या खेळाडूला या तिघांत तोच परवडतो. अंगावर जे घालाल तोच तुमचा क्लास, म्हणजे लढवय्याचा प्रकार, ही त्याची कल्पना मला फार आवडते. पण नकाशाच्या ‘काळ्या’ म्हणजे सर्वांत धोक्याच्या भागात मेल्यावर अंगावरचे सगळे जाते. एकदा जूनच्या गडगडाटात ऐन झटापटीत वीज गेली; इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, राउटर मात्र त्या जोडणीवर नव्हता. परतलो तेव्हा आठवड्याची कमाई दुसऱ्याच्या पिशवीत होती, आणि त्यातून लढतीविषयी मी काडीचेही शिकलो नाही. शिवाय गमावण्याच्या भीतीने माणूस लढती टाळतो, म्हणजे सराव नेमका तेथेच आटतो. ५ विरुद्ध ५ च्या अरिनात वस्तू जात नाहीत. शिकायचेच असेल तर आधी तेथे जावे.

मात्र अंतराच्या बाबतीत अल्बियन पुढे आहे. त्याचा आशियातील सर्व्हर सिंगापुरात आहे, तर उरलेल्या दोन खेळांसाठी येथून युरोपचा सर्व्हर धरावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. गोव्याहून जर्मनीतील फ्रँकफर्ट सरळ रेषेत ७,००० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन येण्यातच किमान ७० मिलिसेकंद जातात. केबल वळणावळणाने जाते, त्यामुळे प्रत्यक्ष पिंग (संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) याच्या दुप्पटही दिसतो. सिंगापूरचे अंतर साधारण निम्मे. अर्ध्या सेकंदाचा मंत्र ऐन वेळी तोडण्यात हा फरक जाणवतो. यावर उपाय म्हणजे प्रतिक्रियेवर विसंबणारे क्लास टाळून आधीच आखणी करता येणारे क्लास निवडणे. वेळेचाही प्रश्न आहे: युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा झालेले असतात, आणि सकाळी सातची पणजीची बस पकडायची असेल तर ती गर्दी आपल्या वाट्याला येत नाही.

कोणताही खेळ घेतला तरी मित्रासोबत एकास-एक द्वंद्व खेळत राहण्याचा मोह होतो. कळा हाताखाली बसवण्यासाठी ते उत्तम. पण हे खेळ गटासाठी तोललेले असल्याने काही क्लास काहींपुढे मुळातच दुबळे पडतात, आणि द्वंद्वातली हार पुष्कळदा खोटाच धडा शिकवते.

म्हणून कॉम्प्युटर असेल तर पहिले दोन महिने गिल्ड वॉर्स २ च्या क्रमवारीबाहेरच्या लढतींना द्यावेत, असे माझे मत आहे. गोडी टिकली आणि एखादा कायमचा जोडीदार मिळाला, तरच वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे शुल्क भरावे. दोन्हीकडे आठवड्यातून एक हरलेली लढत स्क्रीनवर चित्रित करून तिचे शेवटचे दहा सेकंद पुन्हा पाहावेत. मी पहिल्यांदा हे केले, तेव्हा माझे पात्र मरून पडले होते आणि बचावाची तीन कौशल्ये न वापरता तशीच शिल्लक दिसत होती.