रिव्हॉल्व्हरचा पाच सीडीवाला बॉक्स आणि 'सगळ्यात भारी बँड कोणता' हे न संपणारं भांडण

सगळ्यात भारी रॉक बँड कोणता यावर वाद सुरू झाला की पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ आहे. एक जण म्हणतो बीटल्स, दुसरा लगेच झेपलिन, तिसरा म्हणतो तुम्ही पिंक फ्लॉइड नीट ऐकलंच नाही, मग कोणीतरी क्वीनचा 1985 चा लाइव्ह एड कॉन्सर्ट काढतो, आणि एक जण शांतपणे सांगतो की स्टोन्स 1962 मध्ये सुरू झाले, तुमचे बाकीचे कधीच फुटले. मग खपाचे आकडे निघतात आणि आकडे निघाले की गाणी राहिली बाजूला. म्हणून म्हटलं आकडे नकोच, एकच वस्तू घेऊ आणि ती पुरावा म्हणून किती टिकते ते बघू. वस्तू म्हणजे बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चा सुपर डिलक्स बॉक्स, ऑक्टोबर 2022 मध्ये आला तो. पाच सीडी, 63 ट्रॅक आणि सोबत शंभर पानांचं पुस्तक. मूळ अल्बम 5 ऑगस्ट 1966 चा, 14 गाणी, जेमतेम 35 मिनिटं, म्हणजे बाकीचं सगळं त्या 35 मिनिटांच्या आजूबाजूचं.

आधी नव्या मिक्सबद्दल, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज पुन्हा नव्याने एकत्र बसवण्याबद्दल, कारण जाहिरात त्याचीच जास्त झाली. त्या काळी स्टुडिओत चार ट्रॅकची मशीन, म्हणजे टेपवर आवाजासाठी फक्त चार वेगळ्या पट्ट्या, त्यामुळे 'टॅक्समन'चे ड्रम, बेस आणि गिटार सगळं एकाच ट्रॅकवर कोंबलेलं, आणि एकदा कोंबलं की नंतर वेगळं करायची सोयच नाही. म्हणून जुना स्टिरिओ हेडफोनवर ऐकला की ड्रम-बेस एका कानात आणि दुसरा कान बराच वेळ रिकामा. पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सच्या डॉक्युमेंटरीसाठी एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं जे एकत्र चिकटलेले आवाज मशीन लर्निंगने सुटे करतं, ते वापरून जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी हा अल्बम नव्याने मिक्स केला. जाइल्स म्हणजे मूळ प्रोड्युसर जॉर्ज मार्टिनचा मुलगा. रिझल्ट चांगला आहे, बेस एकदम भरीव येतो, ड्रमर रिंगोचा बास ड्रम छातीत लागतो (1966 मध्ये त्या ड्रममध्ये स्वेटर कोंबून माइक अगदी जवळ आणला होता, आणि हे उद्योग करणारा इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा 20 वर्षांचा होता, हे वाचून आपण त्या वयात काय करत होतो असा प्रश्न पडतोच). पण खरं सांगू का, नुसत्या नव्या मिक्ससाठी हा बॉक्स घेऊ नका, तो स्ट्रीमिंगवर आहेच.

खरा माल दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवर आहे. 31 ट्रॅक, सगळे अर्धवट टेक (टेक म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचा एकेक प्रयत्न), रिहर्सल आणि घरचे डेमो. असल्या सीडी म्हणजे एरवी गाळ असतो, एकच गाणं सहा वेळा आणि फरक काय तर कोणीतरी खोकलं. इथे तसं नाही. इथे गाणी सुरुवातीला भलतीच असतात.

'गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ' घ्या. आपल्याला माहीत असलेल्या गाण्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा दणका आहे. इथल्या पहिल्या व्हर्जनमध्ये ऑर्गन आणि कोरस, जवळजवळ भजनी मंडळाच्या वळणाचं. मग एक मधलं व्हर्जन येतं त्यात ब्रास नाहीच, तीच धून फझ गिटारवर, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेल्या गिटारवर करकरतेय, आणि हे व्हर्जन इतकं दणदणीत आहे की दुसऱ्या कुठल्या बँडने हेच फायनल म्हणून छापलं असतं आणि आपण त्यावर पन्नास वर्षं माना हलवल्या असत्या. यांनी ते काढून टाकलं.

किंवा 'यलो सबमरीन'. रिंगोचं पोराटोरांचं गाणं म्हणून त्याची जाम टिंगल होते, बीटल्स विरुद्ध बोलायचं असलं की हेच गाणं पहिलं फेकतात. इथे त्याचं घरच्या टेपवरचं रूप आहे, चौघांतला जॉन लेनन एकटा गिटारवर, आणि गाणं चक्क उदास आहे. एक एकटं पडलेलं माणूस कुरकुरतंय असं. त्याचं ते घंटा-भोंगेवालं गाणं कसं झालं ते टप्प्याटप्प्याने ऐकू येतं आणि मग टिंगल करायची इच्छा जरा कमी होते. जरा.

'लव्ह यू टू'चे तीन तुकडे आहेत. पहिल्या टेकमध्ये बँडचा गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन साध्या अकूस्टिक गिटारवर, सोबत पॉल मॅकार्टनीचा आवाज, ऐकायला ठीकठाक इंग्लिश गाणं. मग सतार येते, मग तबला, आणि गाण्याचा चेहराच बदलतो. तबल्यावर अनिल भागवत, आणि त्यांचं नाव 1966 च्या कव्हरवर छापलेलं आहे, जो मान बीटल्सच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या बाहेरच्या वादकांना फार क्वचित मिळाला. (हो, भागवतच. ही माहिती वादात कुठेच कामाची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

'रेन' मूळ अल्बममध्ये नव्हतं, त्याच सेशन्समधल्या सिंगलची मागची बाजू. त्याचा एक टेक इथे मूळ स्पीडला आहे. यांनी गाणं भरधाव वाजवलं आणि मग टेप हळू केली, म्हणून रेकॉर्डवर ते असं जड, ओलं वाटतं. मूळ स्पीडचा टेक ऐकल्यावर रिंगो साधारण ड्रमर होता म्हणणाऱ्यांनी कृपया दोन मिनिटं गप्प बसावं. तो स्वतःही आपल्या आवडत्या कामात हेच धरतो.

आणि 'टुमॉरो नेव्हर नोज'. या अल्बमसाठी सगळ्यात आधी हेच रेकॉर्ड झालं, 6 एप्रिल 1966. पहिला टेक म्हणजे एक जड, घुमणारा, पाण्याखालून आल्यासारखा लूप (परत परत फिरणारा टेपचा तुकडा), त्यावर लेननचा आवाज. सुरुवातच अशी. आता हे बघा, यांचा पहिला अल्बम 1963 चा, त्यातली दहा गाणी एका दिवसात वाजवून मोकळे झाले होते, सूटबूट घालून फिरणारी पोरं. तिथून इथपर्यंत तीन वर्षं आणि थोडे दिवस. माझं म्हणणं एवढंच आहे, बँड मोठा कुठला हे तो किती लांब गेला आणि किती लवकर गेला यावर ठरवा, आणि वाटेत किती चांगल्या गोष्टी टाकून देऊ शकला यावर. या मापाने दुसरा कोणी जवळपास येत नाही असं हा बॉक्स ऐकून मला वाटतं.

झेपलिनवाले आता उठतील, उठा. त्यांचेही 2014-15 मध्ये गिटारिस्ट जिमी पेजने स्वतः बसून केलेले डिलक्स आले होते, अल्बमसोबत जादा डिस्क. त्यावर बरंचसं रफ मिक्स, म्हणजे गाणं आधीच तयार, फक्त एखादा थर कमी. तो बँड जन्मालाच पूर्ण आला, पहिल्या रिहर्सलपासून आवाज ठरलेला, आणि ड्रमर बॉनहॅम 1980 मध्ये गेला तेव्हा दुसरा ड्रमर न शोधता दुकान बंद केलं, याला मी हात जोडतो. चौघांच्या एकत्र ताकदीवर मार्क द्यायचे असतील तर मी पण झेपलिनलाच देईन. फ्लॉइडचं गणित वेगळं, 'डार्क साइड ऑफ द मून' मार्च 1973 मध्ये आला पण 1972 च्या जानेवारीपासून ते तो स्टेजवर वाजवत होते, आधी काही महिने लोकांसमोर घासूनपुसून मग रेकॉर्डिंगला हात. बीटल्सनी रिव्हॉल्व्हर एप्रिल ते जून, साधारण अकरा आठवड्यांत, आणि स्टेजवर एकदाही न वाजवता केला.

आणि इथेच बीटल्सची बाजू खरंच लंगडी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट 1966 मध्ये अल्बम आला, त्याच महिन्यात अमेरिकेची टूर, आणि त्यात या अल्बममधलं एकही गाणं नाही. 29 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये टूर संपली आणि टूर करणंच संपलं. स्टेजवर ही गाणी जमण्यासारखी नव्हती आणि किंकाळ्यांत ऐकू तरी कोणाला आली असती. द हू तिकडे स्टेज फोडत असताना (पुढे झेपलिन आणि क्वीननेही तेच केलं) हे लोक टेपचे तुकडे उलटे चिकटवत बसले. रॉक बँड म्हणजे आधी स्टेज असं ज्याचं मत आहे त्याला हा बॉक्स काडीचाही पटणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही.

अजून एक आक्षेप नेहमीचा, 'एलेनॉर रिग्बी'त चौघांपैकी एकानेही वाद्य वाजवलेलं नाही, आठ जणांची तंतुवाद्यं आहेत, मग हा रॉक बँड कसला? बॉक्समध्ये त्या सेशनमधलं बोलणं आहे, जॉर्ज मार्टिन वादकांना सूर न थरथरवता वाजवून बघायला सांगतोय आणि पॉलला विचारतोय फरक कळतोय का, तर पॉलला फारसा कळत नाहीये. मला हे जाम आवडलं. काय हवंय ते पूर्ण माहीत नाही पण गिटार नकोय एवढं पक्कं माहीत आहे.

आता तक्रारी. पाचव्या सीडीवर फक्त चार ट्रॅक आहेत, 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन', दोन्ही स्टिरिओ आणि मोनो (मोनो म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज). चार! अख्खी सीडी! चौथ्या, मोनो सीडीवर अल्बमची 14 गाणी, 35 मिनिटं, अर्ध्याहून जास्त जागा मोकळी, तिथे आरामात मावले असते. पाच हा आकडा कव्हरवर बरा दिसतो म्हणून हे केलंय, दुसरं कारण मला तरी सुचत नाही. आणि ज्यांच्याकडे 1996 चा अँथॉलॉजी 2 हा बीटल्सच्या जुन्या रेकॉर्डिंगचा संग्रह आहे त्यांनी लक्षात घ्या, 'अँड युअर बर्ड कॅन सिंग'चा तो हसून लोळण्याचा टेक आणि अजून काही गोष्टी तिकडे येऊन गेल्यात. पुस्तक मात्र चांगलं आहे, फोटो भरपूर आणि प्रत्येक गाण्यावर सविस्तर माहिती, कोणत्या दिवशी काय झालं वगैरे.

कोणी घ्यावा? ज्याला अल्बम पाठ आहे त्याने. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मोनो मिक्स ऐकावा, 1966 मध्ये जास्त काळजी त्याचीच घेतली जायची आणि 'टुमॉरो नेव्हर नोज' मोनोत अजून भीतिदायक वाटतं, मग वाटलं तर दुसऱ्या सीडीकडे वळावं. स्टोन्सवाल्यांनी पण दुसरी सीडी ऐका आणि मग या भांडायला, पण फझ गिटारवालं व्हर्जन पूर्ण ऐकून या, मध्येच बंद करून नाही.