शिवण युनिटमधलं प्रशिक्षण: एक आख्खा दिवस, की आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं?

सोलापुरात चादर-टॉवेलच्या जोडीला शालेय गणवेशाचं शिवणकाम चांगलं वाढलंय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे काही महिने या युनिटांत मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे कामगारांना काही शिकवायचं म्हटलं की मालकापुढे दोनच वाटा राहतात. सीझन संपल्यावर दिवसभराचं शिबिर, नाहीतर काम चालू असतानाच पाच-पाच मिनिटांचे तुकडे.

आधी पैशाचं बघू. तुकडे स्वस्त पडतात असं सर्रास सांगितलं जातं. तीस मशीनचं युनिट धरा. आठ तासांच्या शिबिरात 240 मशीन-तास जातात. रोज पाच मिनिटं थांबवलीत तर महिन्याच्या 26 दिवसांत 65 तास, म्हणजे चार महिन्यांच्या आतच शिबिराचा आकडा ओलांडला! आठवड्यातून दोनदाच थांबवलीत तर वर्षाला 260 तास, जवळपास बरोबरी. शिबिर सुटीच्या दिवशी घेऊन मशीन वाचवू म्हणाल, तर आठवड्याचे 48 तास भरलेल्यांना वरच्या वेळेची मजुरी कायद्याने दुप्पट द्यावी लागते. तेव्हा स्वस्त काय, यावर निवड करूच नका.

लक्षात काय राहतं, यावर करा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसभरातच निसटतं. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, कॉलर लावायला शिकला नव्हता. म्हणून त्याचे आकडे शिलाईला जसेच्या तसे लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण थोडं थोडं, अंतर ठेवून शिकलेलं जास्त टिकतं, हे नंतर पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. आणखी एक: 2006 मधल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात होता. म्हणून नुसता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला म्हणजे शिकवलं, असं होत नाही.

तुकडा कसा असावा? टाके सुटतायत ही तक्रार घ्या. साध्या सिंगल नीडल मशीनवर सुईची लांब खाच डावीकडे हवी. घाईत सुई बदलताना ती फिरते आणि टाका सुटतो. सुपरवायझरने सुई काढून दाखवायची, मग प्रत्येकीने आपल्या मशीनवर बसवून चिंधीवर दोन ओळी मारायच्या. संपलं. चार दिवसांनी न सांगता पुन्हा करून घ्यायचं. व्हिडिओ करणार असाल तर आवाजावर विसंबू नका. मशीनच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, शिवाय एकाच ओळीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बाया असतात. हात जवळून दिसले की पुरे.

मोठी अडचण वेगळीच आहे. काम पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, असेल तर ती पाच मिनिटं बाईच्या खिशातून जातात. तिला तेवढे पैसे धरून द्या, नाहीतर मान डोलवेल आणि लक्ष पुढच्या गठ्ठ्यावर ठेवेल.

शिबिराला मी मोडीत काढत नाही. नवी भरती, किंवा साध्या मशीनवरून ओव्हरलॉकवर (कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनवर) जाणारी बाई, यांना तुकड्यांनी काहीच साधत नाही. हात बसायला सलग तास लागतात. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, हेही सगळ्यांना एकदम चालवूनच दाखवावं लागतं.

जुने हात आणि त्याच त्याच चुकांनी परत येणारा माल, असं असेल तर तुकडे घ्या. चेकिंग टेबलावरचा रिजेक्ट माल बघा, ज्या चुकीचा ढीग सगळ्यात मोठा तो पहिला विषय. दहाच्या आत मशीन असतील तर यातलं काहीच मांडू नका. मास्टर फिरतो तेव्हा त्यालाच दाखवायला सांगा.