अध्ययन अक्षमता: मेंदूचे व्यायाम की रेमेडियल टीचिंग?

मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली अक्षमता, आहे असं तपासणीत निघालं आणि हाताशी वेळ-पैसा बेताचाच असेल, तर तो रेमेडियल टीचिंगवर, म्हणजे अडलेलं वाचन पायरीपायरीने पुन्हा शिकवण्यावर, खर्च करा, मेंदूच्या व्यायामांवर नको. वाचन सुधारेल हा दोन्हींचा दावा एकच असतो, पण मुलाकडून करून घेतलं जातं ते अगदी वेगळं.

मेंदूच्या व्यायामांत एक प्रकार हालचालींचा. उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा उजव्याला लावायचा, हवेत आडवा आठ काढायचा. डेनिसन दांपत्याच्या ‘ब्रेन जिम’मध्ये अशा २६ हालचाली आहेत. या हालचालींनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा मेळ बसतो आणि वाचन सुधारतं, असं सांगतात. अभ्यासकांनी त्यावरचं संशोधन तपासलं तेव्हा या दाव्याला भक्कम आधार मिळाला नाही. मुलांचं अंग मोकळं होतं, त्यांना मजा येते, एवढं मात्र खरं.

दुसरा प्रकार संगणकावरचा. आकडे, चौकोनांचे क्रम लक्षात ठेवून कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना माहिती तेवढ्यापुरती मनात धरून ठेवण्याची क्षमता, वाढवायची. स्वीडनमधल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनातून आलेला ‘कॉगमेड’ हा त्यातला नावाजलेला कार्यक्रम. इथे मुलाचे गुण खरोखर वाढतात, म्हणूनच पालकांची फसगत होते. २०१३ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. स्मृतीच्या चाचण्यांतली वाढ थोडेच दिवस टिकली आणि शब्दवाचन किंवा गणितापर्यंत ती पोचलीच नाही. मूल त्या खेळात तरबेज होतं, धडा वाचण्यात नाही. २०१६ मध्ये असेच मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमोसिटी’ला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात अमेरिकेत २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

रेमेडियल टीचिंग मुळाशी जातं. डिस्लेक्सियातली मुख्य अडचण बहुतेक मुलांत डोळ्यांत किंवा हातापायांच्या मेळात नसते. शब्द आवाजांत फोडणं आणि तो आवाज अक्षराशी जोडणं जड जातं. म्हणून शिक्षक विचारतात, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? मग ‘घ’ आणि ‘ध’ मोठ्याने म्हणत बोटाने गिरवायचे, मात्रा एकेक करून जोडायच्या, जोडाक्षरं सुटी करून पुन्हा सांधायची. पाहणं, ऐकणं, बोलणं, गिरवणं एकत्र आणणारी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत १९३० च्या दशकापासून वापरात आहे. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही.

आणि मेंदूचंच म्हणाल, तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १० वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या मुलांना सुमारे १०० तास सखोल वाचन-शिक्षण दिलं गेलं. नंतरच्या स्कॅनमध्ये मेंदूतल्या जोडणीतंतूंची गुणवत्ता सुधारलेली दिसली, वाचनही सुधारलं. मेंदू बदलतो तो अक्षरांशी झटूनच, हे मला फार धीर देणारं वाटतं.

या मार्गाची किंमतही जाणून घ्या. प्रगती महिन्यांच्या हिशेबात होते, प्रशिक्षित शिक्षक सहज सापडत नाहीत आणि वाचायला लाजणारं मूल सुरुवातीला वहीच समोर घेत नाही. चांगलं वाचू लागल्यावरही अनेकांचा वेग कमीच राहतो. त्यांना परीक्षेत जास्त वेळ आणि ऐकता येणारी पुस्तकं लागतात, ती बिनदिक्कत मागा. डिस्कॅल्क्युलियात, म्हणजे गणित शिकण्यातल्या अक्षमतेतही तेच: मणी, काड्या हाताळत संख्यांवरच काम करायला हवं.

पेन्सिल धरणं, बटणं लावणं जमत नसेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला जरूर दाखवा. तो उपचार हातांसाठी आहे, वाचनासाठी नव्हे. धड्यांच्या मधे पाच मिनिटं उड्या मारायला तर कुणाचीच हरकत नसावी.

क्लासला पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: तीन महिन्यांनी तुम्ही काय मोजून दाखवाल? ‘एकाग्रता वाढेल’ म्हणाले, तर थांबा. ‘आज न वाचता आलेला हा उतारा वाचताना किती चुका कमी झाल्या ते दाखवू’ म्हणाले, तर नाव घाला.