म्हणींचे पत्ते: कथील पास, मासा नापास

नातीसाठी ऑनलाइन मागवले. ५२ पत्ते, पुढं म्हण आणि चित्र, मागं तिचा उगम. सगळ्या म्हणी श्रीमंतीच्या नाहीतर खानदानाच्या. ४५० रुपये. डबी पहिल्याच दिवशी कोपऱ्यात फाटली. ते एक असो.

कोल्हापुरात गुजरीत चाळीस वर्षं कसोटीवर सोनं घासलंय, त्यामुळं हात आधी 'घडीत तोळा, घडीत मासा'वर गेला. मागं लिहिलंय, तोळा म्हणजे १० ग्रॅम. अहो, हा आजचा, हिशेबाच्या सोयीचा तोळा. म्हण जुन्या तोळ्याची आहे: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, भरतो ११.६६ ग्रॅम. तोळ्याचा मासा होणं म्हणजे बाराव्या हिश्शावर येणं, हे पोरांना कोण सांगणार? वर चित्रात चक्क पापलेट काढलंय! नात विचारते, "आजोबा, सोनं मासे देऊन मोजायचे का?"

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' मात्र झकास जमलंय. कथील म्हणजे कल्हईचा धातू, इथपासून सांगितलंय. हल्ली कल्हईवाला दारावर येतो कुठं? मी माळ्यावरून कल्हईची जुनी कांडी काढली आणि नातीच्या कानाशी धरून वाकवली. कथील वाकताना करकरतं, सोनं मुकाट वाकतं. तेव्हापासून ती घरातली प्रत्येक बांगडी कानाशी नेते. सूनबाई वैतागलीय.

'कुठं राजा भोज, कुठं गंगू तेली'च्या मागं ठोकून दिलंय की धारच्या भोजानं कलचुरी गांगेय आणि चालुक्य तैलप या दोन राजांना हरवलं, त्यांचाच झाला गंगू तेली. गांगेयाचं ठीक आहे. पण तैलप वारला ९९७ मध्ये आणि भोज गादीवर आला साधारण १०१० ला. मेलेल्याला हरवलं होय? आमच्याकडं पन्हाळगड शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्याच भोजाचा, आणि तटबंदी टिकेना म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला असं गडावर सांगतात. तीही दंतकथाच, पण पत्त्यावर एक ओळ तिची हवी होती.

पाचात तीन तारे. त्यातले दोन कथलाचे. पुढच्या छपाईत ते पापलेट तेवढं काढा, दुसरा संच पुतण्याच्या पोरांना घेईन.