जुने कपडे सैल करून देणाऱ्या जळगावच्या टेलर काकू: माझा अनुभव

विशी-पंचविशीत ज्यांचं वजन अचानक वाढलंय आणि कपाट उघडलं की रडूच येतं अशा मुलींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. जळगावात फुले मार्केटपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एका गल्लीत, खाली झेरॉक्सवाला आणि वर एका खोलीत काकूंचं शिलाईकाम. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकूंनीच सांगितलंय की नाव-नंबर काही टाकू नको, आहे तेच काम उरकत नाही. पण मार्केटातल्या फॉल-पिकोवाल्यांना विचारा, जुने कपडे सैल करून देणाऱ्या काकू कुठे बसतात म्हणून, ते दाखवतील.

आधी माझं थोडक्यात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी अभ्यासिकेत बसून राहायचं, मेसचा डबा, रात्रीचा चहा, झोपेचे हाल, हे सगळं होतंच, पण त्यात सारखा थकवा यायला लागला, केस गळायला लागले, जळगावच्या उन्हात बाकीचे घामाघूम आणि मला पंखा नको वाटायचा, आणि कपडे एकेक करून होईनासे झाले. घरी सगळ्यांना वाटलं बसून खाते म्हणून वाढलं. शेवटी मोठी बहीण हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली, रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड कमी काम करतंय. मला वाटलं चला कारण सापडलं, आता गोळी घेतली की सगळं उतरेल, पण डॉक्टरांनी नीट समजावलं की थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं आणि त्यातही बराचसा भाग मीठ-पाण्याचा, बाकीचं बसणं, झोप, खाणं यातून आलेलं, ते गोळीने जात नाही, त्याला वेळ लागेल. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर, आणि सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच. हे सगळं इथे लिहितेय कारण खूप मुली तपासणी न करताच आधी जिमचे पैसे भरतात नाहीतर कुठलीतरी पावडर आणतात. पाळी पुढे-मागे होत असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसचंही (हार्मोन्स बिघडून पाळीवर परिणाम होण्याचा त्रास) विचारा, आणि फिटची (आकडीची), मानसिक आजाराची किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर त्यातल्या काही औषधांनीही वजन वाढतं, ती मनाने बंद करू नका पण डॉक्टरांना सांगा नक्की.

आता मधल्या काळाचं काय? वजन उतरेल तेव्हा उतरेल, उद्या सकाळी ऑफिसला काय घालून जायचं? (मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती.) नवीन घ्यायला एका मोठ्या रेडिमेड दुकानात गेले तर तिथल्या मुलीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली तुमच्या साईजमध्ये फक्त मॅटर्निटीचे आहेत, वरच्या मजल्यावर बघा. पगारही एवढा नाही की सगळं कपाट नव्याने भरावं. दुसरीकडे एका टेलरकडे गेले तर तो माप घेताना मोठ्याने ओरडून पोराला लिहायला सांगत होता, छाती एवढी, कंबर एवढी, बाहेर बाकावर बसलेली माणसं सगळी ऐकतायत. त्या दिवसानंतर आईने काकूंचं नाव काढलं, आईचे ब्लाउज त्या कधीपासून शिवतात.

काकू अमळनेरकडच्या, घरात आणि गिऱ्हाइकाशीही अहिराणीच. मी पिशवीभर कपडे घेऊन गेले आणि काय बोलावं ते सुचेना, तर त्यांनीच पिशवी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "आंग भरनं ते भरनं वं माय, आपन कपडा वाढाई दिसूत." म्हणजे अंग भरलं तर भरलं गं बाई, आपण कपडा वाढवून देऊ. बस. का वाढलं, काय खातेस, लग्नाचं वय आहे, यातलं एक अक्षर नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांना (आमच्या खानदेशातला देवीचा सण) सगळी भाऊबंदकी जमते तेव्हा मी हे सगळं इतक्या वेळा ऐकलंय की काकूंचं ते गप्प राहणं मला किती मोठं वाटलं हे सांगता येत नाही.

माप घेताना त्या आकडा बोलत नाहीत, टेप बघतात आणि वहीत लिहितात. वहीत माझं कॉलेजच्या वेळचं माप होतंच, ते खोडलं नाही, पान उलटून नवीन पानावर तारीख टाकून लिहिलं. आणि एक प्रश्न विचारला जो मला कुणी विचारला नव्हता, वाढायचं थांबलंय का अजून वाढतंय? कारण अजून वाढत असेल तर त्या कपड्यातला सगळा दाब (शिलाईच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड) एकदम सोडत नाहीत, थोडा पुढच्यासाठी ठेवतात, आणि आतली कड कापत नाहीत, म्हणजे उद्या वजन उतरलं तर परत त्याच रेघेवर शिलाई मारता येते. मला हे फारच पटलं. म्हणजे कपडा आजच्या अंगाला बसतो आणि पुढचे दोन्ही रस्ते मोकळे राहतात.

दाबाचं गणित त्यांनी मला कुर्ता उलटा करून दाखवलं, तुम्हीही घरी बघा. शिवून घेतलेल्या कपड्यात दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या भागाचं मिळून चार पदर असतात, प्रत्येक पदरात एक इंच दाब असेल आणि त्यातला पाऊण इंच सोडला तर कुर्ता एकूण तीन इंच वाढतो. तीन इंच म्हणजे खूप झाले हो! माझे शिवलेले जवळजवळ सगळे कुर्ते एवढ्यावरच बसले. रेडिमेड कुर्त्यात मात्र हा दाब नसतोच, कडेला इंटरलॉक मारून संपवलेलं असतं, त्यात सोडायला काही राहत नाही, मग काकू कडेला वेगळ्या कापडाची पट्टी किंवा कळी टाकतात. माझ्या एका साध्या निळ्या रेडिमेड कुर्त्याला त्यांनी बाजूने काळ्या खणाच्या पट्ट्या टाकून दिल्या, आता ऑफिसमध्ये सगळ्या विचारतात कुठून घेतला.

सगळ्यात भारी काम म्हणजे चौबगला. माझं पोट-कंबर तर वाढलंच पण दंड एवढे भरले की बाही वर चढायची नाही आणि चढली तर हात वर केला की मुंढ्यात उसवायचं. काकूंनी बगलेत शंकरपाळ्यासारखा तुकडा बसवला, त्याच कापडाचा, सलवारच्या मोहरीची दुमड उसवून त्यातून काढलेला, त्यामुळे रंग तंतोतंत. हात वर करून बघ म्हणाल्या, मी वरच्या फळीवरची रिळांची बरणी काढून दाखवली आणि कुठेही ओढलं गेलं नाही. बसमध्ये वरची दांडी धरताना आता खाली बघावं लागत नाही.

जुन्या शिलाईची भोकं आणि रेघ दिसते का, हा प्रश्न सगळ्यांना असतो. सुती कापडावर काकू ओल्या फडक्याने पुसतात, सुईच्या मागच्या टोकाने हलकेच खरवडतात आणि वाफेची इस्त्री मारतात, भोकं बरीचशी बुजतात. पण आतला दाब ऊन-धुण्यातून वाचलेला असतो त्यामुळे तो जरा गडद राहतो, कडेला बोटभर पट्टा दिसतो, तो काही धुण्यांनी थोडा मिसळतो, पूर्ण जात नाही. सिल्क आणि सॅटिनवर भोकं राहतात म्हणजे राहतातच. आईच्या पैठणीवरचा माझा ब्लाउज त्यांनी हातात घेऊन उजेडाला धरला आणि स्पष्ट सांगितलं की बाजूने सोडला तर खराब दिसेल, त्यापेक्षा मागून उघडून हुकांच्या पट्टीला जोड देते. नाही म्हणायचं तिथे नाही म्हणतात, हे मला आवडलं.

एक गंमत कळली ती सांगते. माझी कंबर डॉक्टरांनीही मोजली आणि काकूंनीही, आणि दोन्ही आकडे वेगळे आले. डॉक्टर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरतात, त्यांच्या हिशोबात आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंचाच्या वर गेलं की शुगर-बीपीचा धोका वाढतो. काकू मोजतात नाडी बांधायची जागा. डॉक्टरांचा आकडा तब्येतीसाठी, तो मी मनावर घेतलाय, मेहरूण तलावावर चालायला जाते, मेसचा डबा बंद करून घरून कळण्याची भाकरी आणि भाजी नेते, शेवभाजी सोडलेली नाही पण वरची तर्री कमी घेते. काकूंचा आकडा फक्त कपडा नीट बसावा म्हणून. दोन्हींची सरमिसळ केली की माणूस घट्ट कपडे घालून स्वतःला शिक्षा देत बसतो, बारीक झाले की घालेन म्हणून चांगले ड्रेस कपाटात ठेवतो आणि वर्षभर दोन ढगळ टी-शर्टवर काढतो. माझ्या दोन मैत्रिणी अजून तेच करतायत, त्यांना ओढत नेणारे मी काकूंकडे. आणि माझं विचाराल तर नीट बसणारा कुर्ता घालायला लागले तेव्हाच मी घराबाहेर चालायला निघाले, त्याआधी कोण बघेल म्हणून निघतच नव्हते.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत, गुरुवार म्हटलं की पुढचा सोमवार धरा. ट्रायल रूम नाही, कोपऱ्यात साडीचा पडदा आहे आणि आरसा पडद्याच्या बाहेर, म्हणजे घालून बाहेर यावं लागतं, बाकी गिऱ्हाइकं बायकाच असतात पण लाजणाऱ्या मुलीला अवघड जातं, काकू तुम्ही आरसा आत लावाच. मे महिन्यात दुपारी तिथे जाऊ नका, वर पत्रा आहे. गाडी लावायला जागा नाही. जीन्स, लेगिंग्ज घेत नाहीत.

दर मला वाजवी वाटले. कुर्ता बाजूने सोडायला ८० रुपये, चौबगला १५०, कळी किंवा पट्टी टाकायची तर कापड धरून २५० च्या आसपास, ब्लाउजचं काम बघून सांगतात. फोन-पे चालतं. कपडे धुऊन न्या, इस्त्रीची गरज नाही. सोबत जुना ब्लाउजपीस, ओढणी, उरलेलं कापड जे असेल ते घेऊन जा, जोड त्यातूनच निघतो. लग्नसराईत आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर माहेरवाशिणींचं काम एवढं असतं की काकू हात जोडतात, तेव्हा त्याच्या महिनाभर तरी आधी टाका. पाचपैकी साडेचार, अर्धा आरशाचा कापला.