फायब्रोस्कॅन करू की थेट लिव्हर बायोप्सी?

रक्तात एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, डॉक्टर बायोप्सी म्हणाले आणि घरात लगेच कुजबुज सुरू, "म्हणजे कॅन्सरच असणार". आमच्या मावशीच्या वेळी सेम झालेलं. तसं काही नसतं हो, लिव्हरची बायोप्सी बऱ्याचदा भलत्याच कारणासाठी करतात.

फायब्रोस्कॅन एकदम सोपा. तीन तास उपाशी जायचं, उजव्या बरगड्यांवर जेल लावून प्रोब ठेवतात आणि कोणी टिचकी मारावी तसं दहा-बारा वेळा जाणवतं, की झालं, उठून घरी. लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये येतं. फॅटी लिव्हरवाल्यांचा आकडा ८ च्या खाली असेल तर बहुतेक टेन्शन नाही, १२ च्या वर गेला तर मात्र सिरियसली घ्या. पण पोटात पाणी झालं असेल तर हा स्कॅन नीट होतच नाही, आणि लिव्हरला ताजी सूज असेल किंवा कोणी पोहे खाऊन गेलं तर आकडा उगाच फुगतो.

बायोप्सीत जागेपुरती भूल देतात, श्वास सोडून रोखायला सांगतात आणि सुई सेकंदात आत-बाहेर. हाती काय लागतं तर शेवईएवढा तुकडा, दोनेक सेंटीमीटरचा, अख्ख्या लिव्हरचा साधारण ५०,००० वा भाग, त्यामुळे नेमका बरा भाग आला तर तीही चुकू शकते, हे कोणी आधी सांगत नाही. नंतर काही तास पडून राहायचं. क्वचित रक्तस्राव होतो म्हणून आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका आणि मनानं बंदही करू नका.

माझं मत विचाराल तर नुसतं फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस बी-सी असेल तर बहुतेकदा स्कॅन आणि रक्ताच्या टेस्टवर भागतं. पण सूज कशामुळे तेच कळत नसेल, ऑटोइम्यूनचा (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्याचा) संशय असेल, तर स्कॅन कितीही वेळा करा, कारण सांगणार नाही. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरचा त्रास झालेला, त्यात बायोप्सीतून ऑटोइम्यूनसारखं चित्र दिसलं होतं. तेव्हा काढा घेत असाल तर तेही सांगा. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्टनं औषध बदलणारे का?

मावशीचं बदललं, स्टेरॉईड चालू झाले. ती मात्र अजून रात्रभर उजवा खांदा दुखला तेच सांगते.